कर्तव्यावरील आपत्कालीन वाहने आणि पथकरातील सूट

रस्ता बांधावा, तो सुस्थितीत ठेवावा आणि त्यासाठी लागणारा खर्च काही अंशी त्या रस्त्याचा उपयोग करणाऱ्यांकडूनच वसूल करावा, हे पथकरामागील मूळ तत्त्व होय. राष्ट्रीय महामार्गावरून जाणाऱ्या प्रत्येकास आता हे नाके परिचयाचे झाले आहेत. मात्र याच नाक्यांवरून काही वाहने अशीही जातात की, त्यांच्याकडून एक पैसाही घेऊ नये असे कायद्यानेच ठरवून दिलेले आहे. रुग्णवाहिका, अग्निशामक दलाचा बंब, गणवेशातील पोलिसांचे सरकारी कामावरील वाहन आणि शववाहिका ही त्यांतील प्रमुख होत.

ही सूट कोणास, कोणत्या आधारावर आणि कोणत्या मर्यादेपर्यंत मिळते, याविषयी ग्रामीण भागात तसेच कचेऱ्यांतूनही बरेच गैरसमज आढळतात. कोणी म्हणतो की रुग्णवाहिका सरकारी असेल तरच सूट मिळते. कोणी समजतो की रुग्ण आत असेल तरच. तर आजाऱ्यास घेऊन जाणाऱ्या कोणत्याही जीपला पैसे पडत नाहीत असा काहींचा समज असतो. या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत. अशा गैरसमजांपायी नाक्यावर जो वाद होतो, त्यात खर्ची पडतो तो रुग्णाचा वेळ. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणे अगत्याचे आहे.

सुटीची परंपरा

आपल्या देशात पथकराचा कायदा पावणेदोनशे वर्षांइतका जुना आहे. १८५१ साली भारतीय पथकर अधिनियम संमत झाला. त्यात कूच करीत असलेले सैन्य, लष्कर व पोलीस यांची सामग्री, तसेच कर्तव्यावर असलेले लष्करी व पोलीस अधिकारी यांना पथकरातून मुक्त ठेवले होते आणि त्यांच्याखेरीज अन्य कोणास सूट देऊ नये असेही म्हटले होते. त्या काळी मोटार नव्हती. त्यामुळे रुग्णवाहिकेचा किंवा यंत्रचलित बंबाचा उल्लेख त्या कायद्यात असण्याचे कारण नव्हते. तथापि 'कर्तव्यावर असताना' ही अट तेव्हापासूनच सुटीशी जोडली गेली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पुढे सैन्यदलांसाठी १९०१ साली स्वतंत्र कायदा झाला आणि तो आजही भूदल व वायुदल यांच्या संदर्भात आधारभूत मानला जातो. त्याच्या तरतुदी नौदलासही लागू करण्यात आल्या आहेत.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली राष्ट्रीय महामार्ग अधिनियम झाला. या अधिनियमान्वये केंद्र शासनाने वेळोवेळी शुल्काचे नियम केले. त्यांपैकी 'राष्ट्रीय महामार्ग शुल्क (दरनिश्चिती व वसुली) नियम, २००८' हे नियम ५ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झाले. शुल्कातून कोणास सूट द्यावी हे या नियमांतील अकराव्या नियमात सांगितले आहे.

नियमाचे तीन भाग

अकरावा नियम वाचताना प्रथम डोळ्यांत भरते ती मान्यवरांची लांबलचक यादी. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री, सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे न्यायाधीश, संसद सदस्य, आपापल्या राज्यापुरते विधानमंडळाचे सदस्य अशी ती यादी आहे. परमवीर चक्र, अशोक चक्र, महावीर चक्र, कीर्ती चक्र, वीर चक्र व शौर्य चक्र यांचे मानकरीही छायाचित्रासह ओळखपत्र दाखवून या सवलतीस पात्र ठरतात. या पहिल्या भागात सूट मिळते ती वाहनात बसलेल्या व्यक्तीच्या पदामुळे किंवा सन्मानामुळे.

दुसऱ्या भागात सूट मिळते ती सरकारी कामामुळे. संरक्षण मंत्रालय, गणवेशातील केंद्रीय व राज्य सशस्त्र दले, निमलष्करी दले व पोलीस, कार्यकारी दंडाधिकारी, अग्निशमन विभाग अथवा संस्था, तसेच महामार्गाची पाहणी, बांधणी वा देखभाल करणाऱ्या शासकीय यंत्रणा यांची वाहने या भागात येतात. येथे 'अधिकृत कामासाठी वापरलेले' हे शब्द महत्त्वाचे आहेत. बंब आगीकडे जात असो वा आग विझवून परत येत असो, तो अधिकृत कामावरच असतो. परंतु त्याच दलातील अधिकारी सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या मोटारीने देवदर्शनास निघाला, तर त्याने इतरांप्रमाणे शुल्क भरणे योग्य होय.

तिसरा भाग अगदी थोडक्या शब्दांत आहे. रुग्णवाहिका म्हणून वापरलेले वाहन आणि शववाहिका म्हणून वापरलेले वाहन यांच्याकडून शुल्क घेऊ नये, एवढेच त्यात म्हटले आहे. येथे पदाचा उल्लेख नाही, खात्याचा नाही आणि मालकाचाही नाही. जिल्हा रुग्णालयाची गाडी, एखाद्या धर्मादाय संस्थेची गाडी, सहकारी साखर कारखान्याने कामगारांसाठी ठेवलेली गाडी आणि खाजगी इस्पितळाची गाडी या सर्व येथे सारख्याच आहेत. वाहन कोणाचे आहे हे नियम विचारीत नाही. ते कोणत्या कामी लागले आहे हे विचारतो.

रिकाम्या रुग्णवाहिकेचे काय?

नाक्यांवर वाद होतो तो बहुधा या मुद्द्यावर. आत रुग्ण नाही, मग सूट कशाची, असे विचारले जाते. नियमात रुग्ण आत असलाच पाहिजे अशी अट नाही. रुग्णास आणावयास निघालेली रुग्णवाहिका जाताना रिकामीच असणार. किंबहुना पुष्कळदा जाण्याची ही खेपच अधिक निकडीची असते. कारण तिकडे शेताच्या बांधावर किंवा घाटातील वळणावर कोणी तरी तिची वाट पाहत असतो. रुग्णास पोहोचवून आपल्या ठिकाण्यावर परत येणारी रुग्णवाहिकाही पुढच्या हाकेसाठीच परतत असते.

मात्र याच शब्दांची दुसरी बाजूही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार रुग्णवाहिका म्हणजे आजारी, जखमी किंवा अन्य कारणाने असमर्थ झालेल्या माणसांच्या तातडीच्या वाहतुकीसाठी खास बांधलेले वा बदल करून सुसज्ज केलेले वाहन होय. तेव्हा नुसती लाल अक्षरे रंगवून कोणतीही व्हॅन रुग्णवाहिका होत नाही. तसेच खरोखरीच्या रुग्णवाहिकेतून लग्नाचे वऱ्हाड, निवडणुकीचे साहित्य किंवा दुकानाचा माल नेला जात असेल, तर त्या फेरीपुरती ती रुग्णवाहिका म्हणून वापरली जात नाही आणि सुटीचा आधारच नाहीसा होतो. अशा गैरवापराने शासनाचे थोडे शुल्क बुडते हे खरेच. पण त्याहून मोठी हानी अशी की, नाक्यावरील कर्मचाऱ्याच्या मनात प्रत्येक रुग्णवाहिकेविषयी संशय उत्पन्न होतो आणि त्याची झळ खऱ्या रुग्णास पोहोचते.

पैसा थोडा, वेळ मोलाचा

या सुटीने वाचणारी रक्कम किती, याचा हिशेब उद्बोधक आहे. २००८ च्या नियमांत २००७-०८ हे पायाभूत वर्ष धरून चौपदरी वा अधिक रुंद महामार्गासाठी मोटार, जीप, व्हॅन यांस दर किलोमीटरला ६५ पैसे आणि बस वा मालमोटार यांस २ रुपये २० पैसे असा मूळ दर ठरविण्यात आला. एकाच महामार्गावर एकाच दिशेने दोन नाक्यांमध्ये सामान्यतः ६० किलोमीटरचे अंतर असावे, असेही त्यात सांगितले आहे. म्हणजे ६० किलोमीटरच्या टप्प्यास मूळ दराने मोटारीस ३९ रुपये आणि मालमोटारीएवढ्या बंबास १३२ रुपये पडतील. त्यानंतर दरांत दरवर्षी वाढ होत आली आहे. तरीही एका रुग्णाच्या उपचाराच्या खर्चापुढे ही रक्कम मोठी म्हणता येणार नाही.

आता वेळेचा हिशेब पाहावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन एका मिनिटात एक किलोमीटर जाते. बेळगावहून पुण्याकडे निघाल्यास वाटेत हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे सहा नाके लागतात. प्रत्येक नाक्यावर रांगेत केवळ तीन मिनिटे मोडली असे धरले, तर एकूण १८ मिनिटे होतात. याचा अर्थ रुग्णालय १८ किलोमीटर दूर नेऊन ठेवल्यासारखेच झाले.

मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने 'सुवर्ण तास' या संज्ञेस कायद्यात स्थान मिळाले. इजा झाल्यानंतरचा पहिला एक तास, ज्यात तत्पर उपचाराने मृत्यू टळण्याची शक्यता सर्वाधिक असते, तो सुवर्ण तास होय. निपाणी-संकेश्वर भागातील अपघातग्रस्ताने हत्तरगीचा नाका ओलांडून बेळगाव गाठावयाचे असते. सोलापूर-हैदराबाद मार्गावर, मुंबई-वडोदरा मार्गावर, ग्वाल्हेरवरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण महामार्गावर किंवा इंदूरच्या आसमंतात परिस्थिती याहून निराळी नाही. मोठे रुग्णालय एका गावी, रुग्ण दुसऱ्या गावी आणि मध्ये नाका, असेच चित्र सर्वत्र दिसते.

म्हणून शुल्कमाफी आणि मोकळी वाट या दोन्ही गोष्टी एकत्र असतील, तरच सुटीचा हेतू सफल होतो. रुग्णवाहिकेस पैसे पडले नाहीत, परंतु ती वीस मालमोटारींच्या मागे उभी राहिली, तर नियम पाळला गेला आणि त्याचा उद्देश मात्र हुकला, असे म्हणावे लागेल. पुष्कळ नाक्यांवर कडेची एक मार्गिका आपत्कालीन वाहनांसाठी राखलेली असते. तीत इतर वाहने घुसवू नयेत, ही जबाबदारी नाक्याच्या व्यवस्थापकाची आहे, तशीच ती प्रत्येक वाहनचालकाचीही आहे.

फास्टॅगमुळे झालेला बदल

१५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरील सर्व मार्गिका फास्टॅगच्या करण्यात आल्या. काचेवरील पट्टी यंत्र वाचते आणि रक्कम खात्यातून आपोआप वळती होते. या पद्धतीने रांगा कमी झाल्या. पण पूर्वी नाक्यावरचा माणूस डोळ्यांनी रुग्णवाहिका ओळखून हाताने वाट देत असे. यंत्राला डोळे नाहीत, त्याला केवळ पट्टीवरची नोंद समजते. रुग्णवाहिकेवर सर्वसाधारण फास्टॅग लावलेला असल्यास यंत्र तिच्याकडून शुल्क कापून घेते.

यासाठी सूटप्राप्त वाहनांना वेगळा फास्टॅग देण्याची सोय आहे. तो वाचला जाताच फाटक उघडते आणि शून्य रकमेची नोंद होते. भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र व पात्रतेची कागदपत्रे जोडून त्यासाठी अर्ज करावा लागतो. हा टॅग त्या वाहनापुरताच असतो; तो काढून दुसऱ्या वाहनावर लावता येत नाही. ज्या ग्रामपंचायती, विश्वस्त संस्था किंवा सहकारी संस्था रुग्णवाहिका चालवितात, त्यांनी आपल्या वाहनावर कोणता टॅग आहे हे एकदा अवश्य तपासून पाहावे.

सूट कोणास नाही

आजाऱ्यास घेऊन जाणारी खाजगी जीप, मोटार किंवा टेंपो यांस नियमान्वये सूट नाही. हे कठोर वाटेल. परंतु प्रत्येक वाहनातील माणसाच्या प्रकृतीची खातरजमा नाक्यावर करणे शक्य नसते, म्हणून नियमाने वाहनाचा उपयोग हीच कसोटी ठेवली आहे. तेव्हा प्रसूतीच्या वेळी किंवा सर्पदंशाच्या प्रसंगी खाजगी वाहनाने जावेच लागले, तर नाक्यावर हुज्जत घालण्यात वेळ दवडू नये. शुल्क भरून पुढे जावे. वाहनाचा फास्टॅग नेहमी चालू व त्यात शिल्लक असणे हीच अशा वेळी खरी मदत ठरते.

रुग्णवाहिकेमागून जाणाऱ्या नातेवाइकांच्या गाड्यांनाही सूट मिळत नाही. राखीव मार्गिकेतून रुग्णवाहिकेच्या मागोमाग निसटण्याचा प्रयत्न करणे गैर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे. शस्त्रक्रियेसाठी स्वतःच्या मोटारीने निघालेले डॉक्टर, किंवा खाजगी कामासाठी साध्या पोशाखात निघालेले पोलीस कर्मचारी यांनाही केवळ व्यवसायाच्या ओळखपत्रावर सूट मागता येत नाही.

दुचाकी, तिचाकी, ट्रॅक्टर आणि बैलगाडी यांचा प्रश्न वेगळा आहे. पर्यायी वा सेवा रस्ता नसलेल्या महामार्गावर त्यांच्यावर सामान्यतः शुल्कच आकारले जात नाही. तेव्हा ती आपत्कालीन सूट नव्हे.

प्रसंगपरत्वे दिलेली सूट

काही वेळा शासन विशिष्ट काळापुरती सूट जाहीर करते. नोटाबंदीच्या वेळी ९ नोव्हेंबर ते २ डिसेंबर २०१६ या काळात राष्ट्रीय महामार्गांवरील वसुली थांबविण्यात आली होती. करोना साथीच्या टाळेबंदीत २०२० च्या मार्च महिन्याच्या अखेरीपासून १९ एप्रिलपर्यंत ती स्थगित होती. आषाढी वारीस जाणाऱ्या वाहनांना महाराष्ट्र शासन देत असलेली माफीही याच प्रकारची होय.

यांत आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण मे २०२१ चे आहे. देशभर रुग्णालयांत प्राणवायूची टंचाई असताना द्रवरूप वैद्यकीय प्राणवायू वाहून नेणाऱ्या टँकरना महामार्ग प्राधिकरणाने पथकर माफ केला आणि त्यांना रुग्णवाहिकांसारखीच आपत्कालीन वाहने समजून वाट द्यावी असे ठरविले. एरवी तो टँकर म्हणजे साधे मालवाहू वाहन. परंतु त्या महिन्यांत त्याच्या प्रत्येक खेपेवर एखाद्या रुग्णालयातील सर्व खाटांचे भवितव्य अवलंबून होते.

राज्य महामार्ग, पूल आणि राज्यांनी बांधलेले द्रुतगती मार्ग यांवरील सूट संबंधित राज्य शासनाच्या अधिसूचनेने ठरते. त्यामुळे सीमेवरील गावांतील वाहनांना एकाच प्रवासात दोन निरनिराळे नियम लागू होऊ शकतात. सूटप्राप्त वाहनांची यादी नाक्यावरील फलकावर लावलेली असते. वाद उद्भवल्यास प्रथम तो फलक पाहावा.

अधिकाराबरोबर येणारी जबाबदारी

१ मे २०१७ पासून मंत्री व अधिकारी यांच्या मोटारींवरील लाल दिवे काढून टाकण्यात आले आणि लकाकणारे दिवे तातडीच्या सेवेतील वाहनांपुरते राहिले. त्याच वर्षी आलेल्या वाहनचालन विनियमांनी अशा वाहनांना तातडीच्या कामी सायरन व दिवा चालू असताना, पुरेशी काळजी घेऊन, लाल सिग्नल ओलांडण्याची व वेगमर्यादा सोडण्याची मुभा दिली. तातडी नसताना सायरन वाजवीत नाका गाठणारा चालक या मुभेचा अवमान करतो. लोकांना त्याची सवय झाली की खऱ्या सायरनकडेही दुर्लक्ष होते.

दुसरीकडे, अग्निशामक वाहन, रुग्णवाहिका किंवा राज्य शासनाने निर्दिष्ट केलेले अन्य आपत्कालीन वाहन जवळ येत असताना बाजूस न होणे हा मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९४-ई अन्वये गुन्हा आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १० हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. नाक्याच्या रांगेतही हे कर्तव्य सुटत नाही.

गावाने आणि शाळेने काय करावे

रुग्णवाहिका बोलावण्याचा १०८ हा क्रमांक २००५ साली तत्कालीन आंध्र प्रदेशात सुरू झाला. त्यानंतर तो २००७ साली गुजरातेत, २००८ साली गोव्यात व कर्नाटकात, २००९ साली मध्य प्रदेशात आणि २०१४ साली महाराष्ट्रात पोहोचला. राष्ट्रीय महामार्गावरील अपघातासाठी १०३३ आणि सर्व प्रकारच्या संकटांसाठी ११२ हे क्रमांक उपलब्ध आहेत. ज्या रुग्णास रुग्णवाहिका मिळते, त्यास वाहनाबरोबर नाक्यावरील सूट व रस्त्यावरील अग्रक्रमही मिळतो. म्हणून शक्य तेथे खाजगी वाहन शोधण्यापूर्वी हे क्रमांक फिरवावेत.

ग्रामपंचायतींनी हे तीन क्रमांक चावडीवर, आरोग्य उपकेंद्रात आणि बस थांब्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावेत. गावची रुग्णवाहिका असल्यास तिची नोंदणी, विमा आणि फास्टॅग यांची जबाबदारी एका व्यक्तीवर निश्चित सोपवावी. शिक्षकांनी नागरिकशास्त्राच्या तासास हा नियम उदाहरण म्हणून घ्यावा. कायदा काहींना सूट का देतो आणि ती त्यांनी कशी वापरावी, हे विद्यार्थ्यांना समजावून देण्यास याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण आहे. नाक्यांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी राखीव मार्गिका दिवसा व रात्री खरोखर मोकळी राहते किंवा नाही, हे अधूनमधून प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

पथकराची सूट ही नियमातील दोन-तीन ओळींची तरतूद आहे. ती लिहिणे शासनाच्या हाती होते आणि ते झाले आहे. ती प्रत्यक्ष रुग्णापर्यंत पोहोचविणे मात्र नाक्यावरील कर्मचारी, रुग्णवाहिकेचा चालक आणि रांगेत पुढे उभा असलेला सामान्य प्रवासी या तिघांच्या हाती आहे. सायरन ऐकताच आपले वाहन एका बाजूस घेणाऱ्या प्रवाशास त्या रुग्णाचे नाव-गाव कधीच कळत नाही. परंतु त्या रुग्णाच्या सुवर्ण तासातील काही मिनिटे त्यानेच वाचविलेली असतात.